डोक्यावरचा आकडा

वहिनीने सुटे भाग धुवायच्या डिझेलच्या ट्रेमध्ये हात घातला. छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे सहाही बोल्ट तळाशी पडले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं. सकाळी धुऊन काढायला तिनेच ते तिथे टाकले होते. मग चाकाला काय लागलंय?

वहिनी या वर्कशॉपची थोरली सून. नवरा बाहेरगावी नोकरीला, म्हणून सासऱ्यांनी उभं केलेलं काम आता तिच्या हातात होतं. सासरे थकले होते, पण पाना सोडायला तयार नव्हते.

"बाबा, चाकाला कुठले बोल्ट लावलेत?"

"डब्यातले. नवे कोरे. माप तेच, आटे तेच."

डब्यातले म्हणजे ८.८. दिसायला अगदी जुळे, पण ताकदीला कमी. आणि ते आवळले होते तिनेच. टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरलेला जोर लागला की टक् वाजणाऱ्या पान्यावर, नेहमीचे दोनशे लावून, डोकी न बघता. तेवढा ताण १०.९ खुशाल सोसतो, ८.८ मात्र खेचला जातो आणि परत जागेवर येत नाही. एक बोल्ट रेंचखाली मऊ लागलाही होता. पण गिऱ्हाईक डोकं खात होतं. ग्रीस असेल, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

ट्रॅक्टर घेऊन दीर टेकडीवरच्या बागेत गेला होता, पेट्या भरून खाली आणायला. फोन नुसता वाजत राहिला. इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार!

तिने बोल्ट फडक्यात बांधले, रेंच घेतला, स्कूटर काढली. सासरे न विचारता मागे बसले.

"तुम्ही राहा ना, बाबा."

"चाक मी बसवलंय. चल."

चढावर स्कूटर धापा टाकायला लागली. वळण घेतलं तर समोरून ट्रॅक्टर उतरत होता, मागे भरलेली ट्रॉली, एका अंगाला दरी. मागचं डावं चाक प्रत्येक फेऱ्यात किंचित बाहेर झुकत होतं.

"भाऊजी!" ती हात हलवत धावली. "ब्रेक दाबू नका एकदम! हळू... डोंगराच्या अंगाला घ्या!"

दिराला कारण कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्याने ऐकलं. कटकट असा आवाज करत ट्रॅक्टर कडेला टेकला. सासऱ्यांनी त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने चाकांखाली धोंडे सरकवले.

"काय झालं, वहिनी? डावीकडे ओढत होता खरा. मला वाटलं, हवा कमी आहे."

तिने बोटाने एक बोल्ट चाचपला. डोकं तिच्या हातात आलं. दीर दरीकडे बघतच राहिला.

"ट्रॉली रिकामी करा," ती म्हणाली. उतारावर चाक उचलायचं नाही, एकेक बोल्ट काढून एकेक बदलायचा, असं तिने ठरवलं. तुटलेल्याचं धड सैल होतं. बोटांनी फिरवताच बाहेर आलं. बाकीच्यांची मान बारीक झाली होती, ताणलेल्या चिंगमसारखी.

सासऱ्यांनी तुटकं डोकं उचललं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, अंगठा फिरवला.

"यावर काय लिहिलंय गं?"

"आठ पूर्णांक आठ."

"मला नुसतं चकाकताना दिसतंय." ते म्हणाले, "वर्ष झालं असेल. मापं हाताला कळतात, म्हणून बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही पाना काढून घेतला असता."

दीर काहीतरी बोलायला गेला. वहिनीने मानेनेच नको म्हटलं. रागावायला तिला तोंड कुठे होतं? तिचे डोळे धड असून तिने तरी कुठे बघितलं होतं?

"मीही बघितलं नाही, बाबा. एक बोल्ट मऊ लागला, तरी सोडला."

मग ती समोरासमोरचे बोल्ट जोडीने आवळत गेली. रेंच टक् वाजला की सासरे हुंकार देत. शेवटचा टक् वाजल्यावर तिने कपाळ टायरला टेकवलं आणि तिला रडू फुटलं.

रिकामा ट्रॅक्टर दिराने पहिल्या गिअरमध्ये उतरवला. ती शेजारून चाकावर नजर ठेवत चालली. वर्कशॉपात चाक उतरवून पुन्हा तपासलं.

त्याच आठवड्यात सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं निदान झालं. ऑपरेशन झाल्यावर ते पुन्हा चाकं बसवायला लागले. वहिनी प्रत्येक बोल्टचं डोकं बघते. "विश्वास नाही का?" म्हणून ते कुरकुरतात. ती म्हणते, "नाही," आणि बघतच राहते.