मामांचं टॅपेट कव्हर

माझ्या बायकोच्या मामांइतका चकचकाटाचा भुकेला माणूस अख्ख्या नेवासा तालुक्यात नसेल, आणि त्यांच्याइतके काळे हात कोळशाच्या वखारीतसुद्धा सापडायचे नाहीत. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त होऊन मामा सोनईला घरी बसले. बसले म्हणजे शब्दशः बसले. पडवीत पोतं अंथरून, मांडीवर आपल्या जुन्या जीपच्या इंजिनाचा एकेक भाग घेऊन ते सकाळपासून घासत बसत. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग पाण्यात भिजवलेला, मग असा की तो कागद आहे की मलमल, हे बोटांना कळू नये. शेवटी घरगुती चक्कीच्या जुन्या मोटारीला कापडी चाक लावून त्यावर झिलई. हे चाक सुती कापडाच्या घड्या शिवून करायचं असतं. पहिल्या चाकापायी मामींचं एक पातळ गेलं. ते जुनं नव्हतं, हे मामींना दांडीवर अर्धंच पातळ दिसलं तेव्हा कळलं. "मऊ हुतं म्हणून घेतलं," मामांनी खुलासा केला, "तुझी निवड चांगली हाय."

त्यांचा खास जीव इंजिनाच्या माथ्यावर बसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या झाकणावर, म्हणजे टॅपेट कव्हरवर. पलीकडे शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, आणि अलीकडे सोनईत मामांचं टॅपेट कव्हर कपाटात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून, कुलपात! मामींच्या बांगड्या मात्र फळीवरच्या डब्यात उघड्या. मी गेलो की मामा ते कव्हर बाहेर काढत, त्यासमोर वर्तमानपत्र धरत आणि म्हणत, "वाचा, जावईबापू."

"मामा, अक्षरं उलटी दिसतात."

"उलटी दिसू द्या. ठळक दिसत्यात का, ते सांगा!"

मी ठळक म्हटल्याशिवाय चहा यायचा नाही. एकदा चेष्टेने 'जरा पुसट' म्हणालो, तर जेवणं होईपर्यंत मामा पडवीतून उठले नाहीत.

या सगळ्यात जीप मात्र चार वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. तिचे निम्मे अवयव घरात चमकत होते. परत बसवा म्हटलं की मामा दचकत. "बसवलं की तेल लागंल की त्याला!" मामींना भंडारदरा बघायचा होता, आणि तोही स्वतःच्या गाडीतून. लग्नानंतर नवी जीप घेतली तेव्हा मामांनीच तसा शब्द दिला होता. दोन वर्षांपूर्वी पाऊस ओसरल्यावर मामींनी परातीत भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "माझे गुडघे हायेत तोवर मला धरण बघायचंय. तुमची गाडी निघत नसंल तर मी एसटीनं जाते. तुमी बसा घासत."

तिसऱ्या दिवशी मामांनी कपाटाचं कुलूप काढलं. एकेक भाग इंजिनात बसवताना त्यांचा चेहरा लेक सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता. मामींनी इंजिनाला ओवाळलं आणि माझी बायको धरून आम्ही चौघं निघालो. संगमनेरला चहा प्यायला थांबलो तर मामांनी बॉनेट उघडून कव्हर पुसलं. अकोल्यातही पुसलं. राजूरच्या पुढच्या चढावर गाडीनेच थांबायचं ठरवलं. रेडिएटरमधून वाफ यायला लागली. मामांनी बॉनेट वर केलं आणि पाच मिनिटांत पर्यटकांचा घोळका जमला. कुणी फोटो काढले, एका तरुणाने भांग पाडला, एका बाईने वाकून टिकली सरळ केली. बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला इतकं खूश मी कधी पाहिलं नाही. "हात लावू नका, पण बघा. लई बघा," ते प्रत्येकाला सांगत होते.

गर्दी पांगल्यावर मामी पुढे आल्या. चार वर्षं त्या कव्हरकडे त्यांनी रागाने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "लई म्हातारी दिसाया लागले हो मी."

मामांनी खिशातून रुमाल काढला, कव्हर पुन्हा एकदा पुसलं आणि म्हणाले, "वाफ धरली हुती गं. आता बघ."

मामी हसल्या. इंजिन गार झालं, पाणी भरलं, आणि उन्हं कलायच्या आत आम्ही धरणावर पोचलो. भिंतीजवळ उभ्या राहून मामी बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मामा, पहिल्यांदाच, गाडीकडे पाठ करून त्यांच्याशेजारी उभे होते.

यंदा मामांचे हात थरथरायला लागलेत. कागद धरवत नाही. गेल्या महिन्यात मी सोनईला गेलो तर मामा खुर्चीत होते आणि खाली पोत्यावर मामी बसून एक पुली घासत होत्या.

"गोल न्हाई गं, एकाच बाजूनं."

"व्हय, कळलं."

"हितं रेघ राह्यली."

"दिसतीय मला. जरा दम धरा की."

मी पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने निघतो म्हणालो, तर दोघंही "या हं" म्हणाले, पण मान कुणीच वर केली नाही. मीच चपला घालून तिथे आणखी थोडा वेळ उभा राहिलो.