पाच वर्षांतले चौदा महिने

"आधी पाया पड, मग मेडल घे," क्रीडाशिक्षक माझ्या कानाशी म्हणाले.

समोर तो उभा होता. राज्याच्या संघातला कबड्डीपटू. पांढरी सफारी. शाळेच्या क्रीडादिनाचा प्रमुख पाहुणा. मी दहावीत. आठशे मीटरला पहिली आले होते. आणि या माणसाने माझ्या वडिलांना मारलं होतं. मारलं म्हणजे जिवे.

वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली कोळशावर कामाला. सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून जायचे. नोकरीपेक्षा गळ्यातल्या शिट्टीचा अभिमान जास्त. सिन्नरकडच्या एका गावात सामना होता. मी पाचवीत, आईबरोबर मैदानाच्या कडेला बसलेले. चढाई करताना याच खेळाडूचा पाय रेषेबाहेर पडला. वडिलांनी बाद दिलं.

तो वळला. "आता तुमच्या लोकांनी आम्हाला बाद द्यायचं का?"

आणि छातीत लाथ. वडील मागे पडले, डोकं सिमेंटच्या कट्ट्यावर. तिसऱ्या दिवशी गेले.

'तुमच्या लोकांनी' म्हणजे कोणी, हे आमच्या बौद्धवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मी आठवीत असताना निकाल लागला. पाच वर्षं सक्तमजुरी. आई म्हणाली, "तू कॉलेजात जाशील, तवर तो आतच." आणि दहावीतच तो माझ्यासमोर, हातात माझं मेडल घेऊन. अपील केलं होतं, जामीन मिळाला होता. आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं.

मी हात मागे घेतले. "मी पाया पडणार नाही. यांच्या हातून मेडलही नको."

माईक चालू होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

तो हसला. "पोरी, खेळाडूत खिलाडूपणा पाहिजे. झालं गेलं सोडून द्यायचं."

"तुम्ही आता जेलात पाहिजे होतात," मी म्हणाले.

सरांनी दंड धरून मला खाली उतरवलं.  

दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं. ती गुलाबाच्या मळ्यात फुलं खुडायला जायची, तशीच आली, बोटांना काट्यांचे ओरखडे. मुख्याध्यापक म्हणाले, माफीपत्र द्या, नाहीतर जिल्ह्याच्या स्पर्धेतून नाव जाईल.

आई म्हणाली, "पोरीनं खोटं काय सांगितलं, ते आधी लिहून द्या. मग माफीचं बघू."

त्यांनी काही लिहून दिलं नाही. माझं नाव मात्र गेलं. त्यानंतर मी कुठल्याच शर्यतीत पळाले नाही. त्याचा सल अजून आहे, तो लपवत नाही.

पुढे सरकारी कचेरीत लिपिक झाले. अपिलाचा निकाल लागल्याचं पेपरातून कळलं. अर्ज करून निकालाची नक्कल काढली. गुन्हा कायम होता. शिक्षा मात्र 'भोगली तेवढी पुरेशी'. कारण, आरोपी नामवंत खेळाडू, राज्याचं नाव उंचावलेलं. भोगलेली किती? खटल्याआधीची कोठडी आणि निकालानंतरचा तुरुंगवास मिळून चौदा महिने.

आईला वाचून दाखवलं.  तिने विचारलं, "आणि तुझ्या बापानं राज्यासाठी कोळसा वाहिला, ते कुठं लिहिलंय का?"

मी सगळी पानं पुन्हा पाहिली. वडिलांचं नाव दोनदा होतं. 'मयत' म्हणून.

आता तो शहरात मुलींच्या कबड्डीचं प्रशिक्षण केंद्र काढतोय. रविवारी उद्घाटन. कचेरीतले म्हणतात, "मॅडम, शिक्षा संपली ना त्याची? आता कशाला उकरून काढता?"

संपली नाही. मध्येच थांबवली.

केंद्राला परवानगी देऊ नये म्हणून अर्ज लिहिलाय, माझ्या पूर्ण नावाने. नोकरीवर काय बेतेल, याची भीती वाटते. तरी रविवारी जाणार आहे. मुलींना घेऊन आलेल्या आईबापांसमोर उभी राहून निकाल पहिल्या पानापासून वाचणार. हाताला धरून बाहेर काढलं, तर फाटकाबाहेर उभी राहून उरलेला वाचणार.