फाटकाबाहेरची खात्री

माझे भाऊजी रक्तपेढीतले कॉम्प्युटर सांभाळायचे. माणूस सरळ, पण यंत्रांच्या बाबतीत इतका चिवट की आम्ही माहेरच्यांनी कपाळाला हात लावावा. स्वतःच्या लग्नात जेवायला बसायचं सोडून त्यांनी हॉलवाल्याचा माइक दुरुस्त केला होता. ताईला त्याचं केवढं कौतुक! मला मात्र संताप.

पुढे ताईच्या फुप्फुसांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. तिची एकच मागणी होती. "मी जाईन तेव्हा तुम्ही जवळ असा. बाकी काही नको."

भाऊजींनी शब्द दिला आणि तशी सोयही केली. पेढीच्या सर्व्हरला स्वतःचं एक वेगळं पान असतं. सर्व्हर अडकून पडला तरी ते पान घरच्या लॅपटॉपवर उघडायचं आणि इथूनच त्याला बंद करून चालू करायचं. पलंगाशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवून त्यांची नोकरी चालली होती. मधूनच उठून ताईचे पाय चेपायचे. मीही मदतीला तिथेच राहायला आले होते.

एका सकाळी सर्व्हर अडकला आणि नेमकं ते पान उघडेना. भाऊजींनी पानाच्या पत्त्यावर हाक मारून पाहिली, म्हणजे 'जागेवर आहेस का' एवढंच विचारणारा संदेश पाठवला. उत्तर लगेच आलं.

"ओ तर देतोय, मग दार का उघडत नाही?" असं पुटपुटत त्यांनी ब्राउझर बदलले, लॅपटॉप बंद करून चालू केला, नाही नाही ते करून पाहिलं. दुपार झाली. पेढीतून फोनवर फोन येत होते. कुठल्या गटाचं रक्त कुठल्या कपाटात, सगळं त्या सर्व्हरमध्ये, आणि तिकडे एक ऑपरेशन खोळंबलेलं.

शेवटी ताईच म्हणाली, "जाऊन या. कुणाचं तरी माणूस टेबलावर आहे."

"आणि तू?"

"मी कुठे पळून जातेय?"

"दुसरं कुणी नाही का तुमच्या पेढीत?" मी तडकले. नव्हतं. मला तिचा हात धरून बसायला सांगून ते धावतच गेले.

तिथे गेल्यावर उलगडा झाला. पेढीच्या दारावर हजेरीचं नवं मशीन लावलं होतं, आणि लावणाऱ्या शहाण्याने त्या पानाचाच पत्ता मशीनला देऊन टाकला होता. सकाळभर भाऊजींना ओ देत होतं ते हे मशीन! त्यांनी त्याची वायर उपटली, सर्व्हर चालू केला, रक्त रवाना झालं. मग मला फोन केला. "झालं. निघालोच."

मी ताईला सांगितलं. तिचा श्वास वरवर चालला होता. डोळे न उघडता म्हणाली, "झालं ना? मग येतील आता."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आले?"

"जिन्यात आहेत गं," मी खोटंच म्हटलं. ती दाराकडे मान वळवून पडून राहिली, आणि तशीच गेली.

भाऊजी आले ते घामाघूम होऊन. पलंगाकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच बसले. माझा तोल गेला. "निघालो म्हणालात ना? रस्ता तो केवढासा! होतात कुठे इतका वेळ?"

त्यांचा एक नेम होता, तो मला तेव्हा कळला. दुरुस्ती झाली की लगेच घरी यायचं नाही. आतून उघडणारं पान बाहेरून उघडेलच असं नसतं, म्हणून पेढीच्या फाटकाबाहेर जाऊन आपल्या फोनवर ते उघडून बघायचं. त्या दिवशी ते बाहेरून उघडलं नाही. भाऊजी परत आत गेले, खटपट केली, पुन्हा फाटकाबाहेर आले, आणि पान उघडल्यावरच घराकडे वळले.

हे सगळं मला सांगताना ते बघत होते ताईकडे.

"पक्कं करून आलो गं," ते तिला म्हणाले. "म्हटलं, पुन्हा तुझ्याजवळून उठायला लागू नये."