सरांची शिडं

देवपूरच्या आमच्या इंग्रजीच्या सरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण त्यांचं इंग्रजी जहाजावरचं होतं. वर्ग झाडायचा असला की ते ‘ऑल हॅन्ड्स ऑन डेक’ म्हणत सगळ्यांना कामाला लावत. ‘लर्न द रोप्स’ म्हणजे कामातल्या खाचाखोचा शिकणं, हे सांगताना खिडकीच्या पडद्याची दोरी ओढत. "शिडांचे बठ्ठे दोर, एकूण एक, आधी ओळखायचे," म्हणत. पडदा सरकला की मागे कोरडी पांझरा नदी दिसे.

मला मुंबईच्या बंदरात नोकरी लागली, तेव्हा त्यांचा फोन आला.

"शिडं दिसतात का रे?"

समोर नुसते कंटेनर आणि क्रेन होत्या.

"दिसतात, सर."

ते हळूच म्हणाले, "पांढरीच शेतस ना?"

"हो सर, पांढरीच आहेत."