परत सर आणि काळ्या

डोक्यावर औषधालाही केस नसलेला माणूस आम्हाला केस शिकवायचा. दौंडात खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा ॲनिमेशनचा क्लास होता. कॉम्प्युटरवरच्या जनावराच्या अंगावर लोकर उगवायची, विंचरायची, हलती करायची, हे त्या काळात आमच्या भागात त्यांनाच येत होतं. दयामाया मात्र त्यांना शिवली नव्हती. काम पसंत पडलं नाही की मागून हात घालून ते डिलीट करायचे आणि म्हणायचे, "परत." म्हणून ते परत सर.

मी न्हावऱ्याहून एसटीने यायची. पुण्याच्या स्टुडिओला दाखवायला एक जनावर जमलं तर नोकरी, नाहीतर दिवाळीनंतर लग्न, असं घरी ठरलं होतं. आमच्याकडे चारदोनच मेंढरं उरली होती. त्यातला काळ्या मेंढा मी करायला घेतला. घरी त्याच्या लोकरीत बोटं घालून बघायची, क्लासात स्क्रीनवर तशी बसवायची. सर म्हणायचे, "हे पायपुसणं आहे. परत."

मी काळ्याच करतेय हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ठाऊक नव्हतं. पोरीचे गुरू म्हणून त्यांनी सरांना जत्रेला जेवायला बोलावलं. आमच्यात मानाच्या पाहुण्यासाठी कळपातलं चांगलं जनावर कापतात. पहिल्याच घासाला आबा कौतुकानं म्हणाले, "दुसरीबी हुती, पर सर, तुमच्यासाठी काळ्याच पाडला."

मी हातातला घास ताटात ठेवला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, नळी चोखली आणि विचारलं, "कातडं ठेवलंय का?"

ते कातडं त्यांनी क्लासात खिळ्याला टांगलं. त्यांचा गळा धरावा इतका राग आला होता, त्या रागातच मी केसन् केस बसवला. सरांनी पाहिलं. "केस बरोबर आहेत. मेंढा मेलेला आहे." डिलीट. मग कातडं काढून त्यांनी कपाटात कोंडलं. "आता आठवून कर."

रडत केलं. काळ्या पळत आला की धापा टाकायचा, तेव्हा बरगड्यांवरची लोकर फाकायची आणि मिटायची, तेवढंच आठवत होतं. त्यावर नोकरी लागली.

आबा पेढे घेऊन क्लासात आले. स्क्रीनवर काळ्या श्वास घेत उभा होता. आबांनी त्याला ओळखलं. त्यांचा हात त्याची मान खाजवायला काचेवर गेला.

सर पेढा खात म्हणाले, "आबा, हा कापता येणार नाही."

आबांनी हात काढून धोतराला पुसला. पुढे त्यांनी मटणाला तोंड लावलं नाही.

परवा सर वारले. आबांना सांगितलं तर म्हणाले, "पोरीला शिकवलं त्येनी."

मला तेवढंही म्हणवलं नाही.