शिफ्टवर गेलेल्याची जागा

आमच्या बँडचा सॅक्सोफोनवाला यादव. त्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या बाजारात बोंबील निवडत होतो. "दादा, जगूभाई नहीं रहे," एवढंच तो म्हणाला. झोपेतच गेला म्हणे. बोंबील तिथेच टाकले आणि जगूच्या घरी जायला कुंभवलीची रिक्षा पकडली... आता महिना होऊन गेला, तरी मला जगूचा रागच येतो. सांगून तरी जायचं की नाही माणसानं!

जगू मूळचा सातपाटीचा. घरची होडी भावांवर सोडून हा तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागला, आणि लग्नाच्या बँडमध्ये शिकलेला ट्रम्पेट सोबत घेऊन आला. कुठूनशी जॅझची एक कॅसेट त्याच्या हाती पडली आणि गडी कामातून गेला. मिळेल त्याला धरून त्यानं बँड उभा केला. मी ड्रमवर, यादव, आणखी दोघं-तिघं, सगळे कारखान्यांतलेच. चाली जगूच्या स्वतःच्या. त्यातली सगळ्यांत लाडकी ‘भोंगा’, कारखान्याच्या भोंग्याच्या सुरावर सुरू होणारी. रविवारी त्याच्या पुढच्या खोलीत तालीम चाले. तेवढ्यात वहिनी हटकून मिक्सर लावायच्या. "तुमचं ते पॅं पॅं संपलं की च्या मिलेल," असं आतून ओरडायच्या.

आता कारखान्यातली माणसं म्हणजे शिफ्ट आली. सगळे एकदम हजर, असं क्वचितच व्हायचं. मग जगूनं नियमच केला. चालीत प्रत्येकाला एकट्यानं वाजवायची जागा, आणि जो कामावर असेल त्याची जागा मोकळी सोडायची. नुसता ठेका चालू ठेवायचा. एडवणच्या एका लग्नात यादव सेकंड शिफ्टला अडकला. त्याची जागा आली, सगळे गप्प, मी एकटाच टक टक करतोय. नवरीचा मामा तणतणत आला, "काय रे, इसरलात का?" जगूनं शांतपणे सांगितलं, "मामा, आमचा मानूस कामावर हाय, मेला नाय. त्याची जागा आमी कशी भरू?" मामा बिचारा कपाळाला हात लावून जेवायला गेला. मला मात्र त्या नियमाचा भारी अभिमान वाटायचा.

जगू गेल्यावर बँड मोडला, असंच आम्ही धरून चाललो होतो. वहिनींनीच निरोप धाडला, रविवारी या. ट्रम्पेट खिळ्याला लटकत होता. ‘भोंगा’ सुरू केली, जगूची जागा आली आणि आम्ही सवयीनं गप्प झालो. माझ्या काठ्या चालू होत्या, पण डोळ्यांपुढचं काही दिसेना... वहिनी दारात आल्या.

"थांबलात का? कामावर असल त्याची जागा सोडायची, असंच ना? हे कामावर नाय गेले आता. भरा ती जागा."

यादव माझ्याकडे बघायला लागला. "दादा, मैं कैसे बजाऊँ?"

"बजा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. घाबरत घाबरत त्यानं जगूची ओळ सॅक्सोफोनवर घेतली आणि खरं सांगतो, छान वाजवली पठ्ठ्यानं. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.

वहिनी ऐकत उभ्या होत्या. म्हणाल्या, "चांगलं झालं. पन मधी, वर चढायच्या आधी, हे जरासे थांबायचे... दम घ्यायला."

इतकी वर्षं शेजारी बसून आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. आता तिथं आम्ही सगळे थांबतो, खिळ्यावरच्या ट्रम्पेटकडे बघतो, आणि मग पुढे वाजवतो.