पंगतीतला बंगालचा उपसागर

आमच्या जहाजवाल्या काकांइतका जीव नकोसा करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर त्याच्या शेजाऱ्यांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. ते नात्याने आमचे कोणी नव्हते. आमची पिठाची गिरणी आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक भिंत होती, एवढंच नातं. पण त्या भिंतीतून त्यांचा आवाज यायचा आणि त्या आवाजातून एकाहत्तरची लढाई. काका नौदलात होते. समुद्रापासून इतक्या लांबच्या आमच्या पाली गावातला माणूस जहाजावर पोचलाच कसा, हे कोडं गावाला शेवटपर्यंत सुटलं नाही. पेन्शन घेऊन ते परत आले तेव्हा जवळपास पाणी म्हणून होता तो बिंदुसरेचा तलाव, आणि उन्हाळ्यात त्यात म्हशीसुद्धा धड बुडत नसत. तरी रोज सकाळी काका धरणाच्या भिंतीवर हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि पलीकडून कोण येतंय ते डोळे बारीक करून बघायचे. यायची ती एखादी म्हैसच, पण ती काठाला लागेपर्यंत काका जागचे हलत नसत.

त्यांच्या शेजारी जेवायला बसणं ही एक शिक्षा होती. लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर भात पडला रे पडला की काका तो बोटांनी सारखा करायचे, मध्ये एक उंचवटा ठेवायचे आणि सांगायचे, "हा ढाका." मग भाताच्या तीन बाजूंना भाजी, चटणी, कोशिंबीर लावायचे. ते आपलं सैन्य. चौथी बाजू मोकळी. एवढ्यात वरणवाला आला की त्याला हात आडवा. "थांब बे! इथं न्हाई, हितं खाली वाढ. बंगालचा उपसागर हाय तो." मागची अख्खी पंगत वरणासाठी खोळंबलेली, वरणवाला घामाघूम, आणि काका शांतपणे सांगताहेत, "त्यांना वाटलं, तीन बाजू गेल्या तर गेल्या, चौथं दार उघडं हाय. समुद्रातून कुमक येईल, न्हाई तर आपून समुद्रातून निघून जाऊ. आमी ते दार लावलं. वरून नद्या ढीगभर. पूल पडले की पलटण जागच्या जागी बेटावर बसल्यागत. सांग आता, लढून काय करतो?" वरणवाला म्हणायचा, "काका, वरण गार हून राह्यलं." पण वरण गार होण्याने काकांची लढाई कधी थांबली नाही. ढाका पडल्याशिवाय ते पहिला घास घेत नसत.

एकदा वैतागून मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही ही नाकेबंदी डोळ्यांनी पाहिली का?" मला वाटलं होतं, आता तरी गप्प होतील. ते सरळ म्हणाले, "न्हाई. मी खाली इंजिनात होतो. सगळ्या लढाईत मला प्रेशरचा काटा तेवढा दिसला. ढाका पडल्याचं आमाला रेडिओवर कळलं." म्हणजे ज्या समुद्राचं वरण करून त्यांनी आमच्या गावाची लग्नं लांबवली, तो समुद्र त्यांनी लढाईत बघितलाच नव्हता.

मी बारावी झाले ते दिवस गावात नवंनवं येण्याचे होते. हायवेवरच्या हॉटेलात एसटीडीची पिवळी पेटी आली होती, थंड पेयांच्या बाटल्या आल्या होत्या. मला मार्क चांगले पडले होते आणि बीडच्या कॉलेजात जायचं होतं. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. माझे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, माणूस वाईट नव्हते. पोरगी रोज एकटी एसटीने जाणार आणि लोक काहीबाही बोलणार, याचा त्यांना धसका होता. पण त्यांनी एक घोळ करून ठेवला. दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी भरल्या गिरणीत ते बोलून गेले, "बारावी लई झाली. पोरगी कॉलेजात जाणार न्हाई." चार माणसांत बोललेलं आता परत घेणार कसं? आई रडली, मी रडले, आणि नाना आमच्याकडे पाठ करून गिरणीच्या तोंडात ज्वारी ओतत राहिले. प्रवेशाची मुदत संपत आली होती.

काकांनी हे सगळं भिंतीतून ऐकलं होतं. मला बोलावून म्हणाले, "रडू नको. तुज्या बापाचा भूगोल कच्चा हाय. मागं तलाव, बाजूला डोंगर, पुढं हायवे. जाईल कुठं? फकस्त गिरणीला हात लावायचा न्हाई. पोटावर मारलं की माणूस चिडून लढतो. त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी त्याच्यापोत्तर पोचू द्यायचं न्हाई, बास." मला रडू आवरून त्यांचा राग आला. माझं आयुष्य पणाला लागलेलं आणि यांना लढाई सुचत होती.

पण दुसऱ्या दिवसापासून नानांचं हिंडणं अवघड झालं. हॉटेलात चहा प्यायला गेले तर हॉटेलवाला बशी पुढे सरकवत विचारायचा, "नाना, पोरीचा फॉर्म भरला का?" पारावर टेकले तर तिथेही तेच. न्हाव्याने तर कमालच केली. अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा हवेत धरून तो म्हणाला, "शिकवा की हो पोरीला." तोंडाला फेस लावून माणूस पळणार कुठे? आमचं गाव एका रात्रीत सुधारलं होतं अशातला भाग नाही. काकांनी प्रत्येकाच्या दुकानात ठाण मांडून लढाई पहिल्यापासून सुरू केली होती, आणि 'बरं, सांगतो नानाला' असं म्हटल्याशिवाय ते उठत नव्हते.

नानांची शेवटची आशा म्हणजे युसूफ वडगावला दिलेली आत्या. त्यांची थोरली बहीण. तिचा शब्द आमच्या घरात शेवटचा, आणि मुलींच्या शिक्षणाबद्दल तिचं मत नानांहूनही कडक. नानांनी तिला येण्याचा निरोप धाडला. काकांना ते कळायला भिंत होतीच. त्यांनी सकाळची पहिली एसटी पकडून तिचंच गाव गाठलं. त्या दिवशी आत्या आली नाही, फोन आला. हॉटेलातून पोरगं पळत बोलवायला आलं, नाना धावत गेले. आत्याचा फोनच्या तारेवर विश्वास नसल्यामुळे ती एवढ्या मोठ्याने बोलली की सगळ्या हॉटेलाने ऐकलं. "नाना, पोरीला शिकीव बाबा! हा मानूस सकाळपासून हितं बसलाय. माज्या चुलीतली राख काढून तिच्यात ढाका काढलाय त्यानं. मी निघाले तर संगं एसटीत बसून ऱ्हायलेलं सांगतो म्हनतोय!"

संध्याकाळी नाना गिरणीच्या पायरीवर बसले होते. लोक डबे घेऊन उभे होते. तेवढ्यात काका आले. डोक्यावर घरातलं लाकडी टेबल, हातात खुर्ची.

"हे काय आणलं बे?" नाना.

"टेबल."

"कावून?"

"शरण येणाऱ्याला उभं ठेवीत न्हाईत. ढाक्यालाबी टेबल मांडलं होतं. बस."

"मी न्हाई शरण आलो."

"कोण म्हनतं आलास? तू नुसता बस."

नाना बसले. काकांनी माझ्याकडून फॉर्म घेऊन टेबलावर ठेवला आणि डबेवाल्यांकडे वळून आवाज चढवला. "ऐका बे सगळे! नानानं ठरवलंय, पोरगी कॉलेजात जाणार. आता कुणी कायबी बोललं तरी तो ऐकणार न्हाई!"

नानांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा लोकांकडे. मग छाती थोडी पुढे काढून म्हणाले, "हां. न्हाई ऐकणार." आणि सही केली.

मी घरातली पहिली पदवीधर झाले. नाना पुढे वर्षानुवर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "सगळं गाव इरोधात होतं, पर मी कुणाचं ऐकलं न्हाई." समोर बसलेले काका मान डोलवायचे, खरंय म्हणायचे, आणि लगेच स्वतःची लढाई सुरू करायचे.

काकू गेल्यावर काका एकटे पडले. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, एकदा धरणाच्या भिंतीवर तोल जाता जाता वाचले. पुण्यात राहणारा त्यांचा मुलगा न्यायला आला की याच घरात मरणार म्हणून दार लावून घ्यायचे. शेवटी नानांनी गावात फेरी मारली. मग हॉटेलवाला चहासोबत विचारू लागला, "काका, पुण्याला कधी?" न्हावीही वस्तरा हवेत धरू लागला. काकांना सगळं समजत होतं. मुलगा जीप घेऊन आला त्या सकाळी ते दारातच काठी टेकून उभे होते. नाना आमच्या घरातून खुर्ची घेऊन गेले, त्यांच्यामागे ठेवली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बस."

"टेबल कुठं हाय?" काकांनी विचारलं.

नाना परत आले आणि टेबलही घेऊन गेले.

काका पुण्यालाच वारले. आता मी गावाकडे लग्नाला गेले की पत्रावळीवर भात पडतो आणि माझी बोटं आपोआप तो सारखा करतात, चौथी बाजू मोकळी सोडतात. वरणवाला येतो, कुठेही ओततो आणि पुढे जातो. त्याला कोणी थांबवत नाही. वरण चांगलं गरम असतं.